विमानतळावरची सुरक्षा तपासणी: घरच्या पिशवीपासून गेटपर्यंत, क्रमाने

मराठवाड्यातून विमानाने निघालेल्या माणसाची तपासणीत अडवणूक झाली, तर तिचं मूळ बहुतेक वेळा विमानतळावर सापडत नाही. ते सापडतं घरातून निघतानाच्या शेवटच्या अर्ध्या तासात. मोठी बॅग आठ दिवस आधी भरून, वजन करून, दोरी बांधून तयार असते. मग निघता निघता आत्या ठेच्याची बरणी आणून देते, शेजारीण येसराची पुडी देते, आई ओटी भरते आणि त्यातला नारळ आणि खारीक-खोबरं तसंच एका कापडी पिशवीत जातं. मोठ्या बॅगेत जागा नाही, म्हणून ‘ही हातातच राहू द्या’. आता गंमत अशी, की ठेचा, येसर, नारळ आणि खोबरं या चारही वस्तू हातातल्या सामानात चालत नाहीत.

चिकलठाण्याहून किंवा नांदेडहून विमान धरणाऱ्यांनी आणि मुंबई, पुणे, हैदराबाद गाठून पुढे जाणाऱ्यांनी खालचा क्रम पाळावा. आई-वडिलांना एकटं पाठवणार असाल, तर हा लेख आधी तुम्ही वाचा, मग त्यांना समजावून सांगा.

टप्पा १: घरी तीन ढीग करा

बॅग भरायला घेण्याआधी सगळं सामान सतरंजीवर मांडा आणि त्याचे तीन ढीग करा. पहिला काउंटरवर देऊन विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेचा, म्हणजे चेक-इनचा. दुसरा हातातल्या बॅगेचा, म्हणजे केबिनचा. तिसरा घरीच राहणाऱ्या वस्तूंचा. तिसरा ढीग रिकामा राहिला, तर तुम्ही नीट पाहिलेलं नाही.

*चेक-इनमध्ये जाणारं:* लाल तिखट, काळा मसाला, येसर, सगळ्या पुडीच्या चटण्या, लोणचं, ठेचा, तूप, तेल. अडकित्ता, चाकू, कात्री, विळी, स्क्रू ड्रायव्हर यांसारखी टोकदार आणि धारेची प्रत्येक वस्तू. सोबत केशर आंब्यांची पेटी असेल, तर आंबे हातात नेता येतात, पण ते कापायला घेतलेली सुरी चेक-इनमध्येच गेली पाहिजे. तूप किती न्यायचं यावर कंपनीगणिक मर्यादा आहे. ती तिकिटाच्या कंपनीकडून विचारून घ्या.

*केबिनमध्येच ठेवायचं:* पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या, लॅपटॉप, सोनं, रोकड, कागदपत्रं, रोजची औषधं. इन्सुलिन तर हातातच हवं, कारण विमानाच्या पोटात ते गोठून वाया जाऊ शकतं. पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकणं ही आजकालची सगळ्यात मोठी चूक आहे. लिथियम बॅटरीने पेट घेतला, तर केबिनमध्ये कुणाच्या तरी लक्षात येतं आणि ती विझवता येते. सामानाच्या कप्प्यात तिच्याजवळ पोचणारं कुणी नसतं.

पॉवर बँक किती मोठी चालते? १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची मंजुरी लागते आणि त्यापुढची चालतच नाही. पाठीमागे नुसते एमएएच छापलेले असतील, तर त्यांना ३.७ ने गुणून १००० ने भागा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, म्हणजे चालतं. मात्र पाठीवरचा मजकूर घासून गेला असेल, तर तपासणारा ती अडवू शकतो. तशी जुनी पॉवर बँक नेऊच नका.

*घरी ठेवायचं:* लायटर, काडीपेटी, फटाके, कापूर, पेट्रोल-रॉकेलचा वास लागलेलं काहीही, फवारणीच्या औषधाची बाटली. कापूर छोटा असतो, पूजेच्या डबीत असतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण तो ज्वालाग्राही पदार्थ आहे. सुक्या खोबऱ्याचं बऱ्याच जणांना पटत नाही. त्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून जगभरच्या माल वाहतुकीत खोबरं धोकादायक मालाच्या यादीत आहे. खोबऱ्याच्या वाट्या ना हातात, ना विमानाच्या पोटात. खोबऱ्याची हौस चटणीत भागवा.

> सावध: दुसऱ्याची बॅग उसनी आणली असेल, तर तिचा कप्पा न् कप्पा उलटा करून झटका. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांच्या बॅगेच्या कोपऱ्यात एखादं काडतूस पडलेलं असू शकतं. विमानतळावर ते सापडलं, तर ‘माझं नाही’ एवढ्यावर सुटका होत नाही. प्रकरण पोलिसांकडे जातं.

टप्पा २: बॅग अशी भरा की उघडावी लागली तरी पसारा होणार नाही

एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर अन्न, कापड, कागद असे पदार्थ नारिंगी दिसतात आणि धातू निळा. ज्यातून किरण आरपार जात नाहीत, ते काळं दिसतं. एकावर एक रचलेले स्टीलचे डबे, त्यात गच्च भरलेले लाडू आणि बाजूला चार्जरच्या वायरींचं भेंडोळं असा ऐवज एका जागी आला, की पडद्यावर काळा ठोकळा आणि त्यातून निघालेल्या तारा दिसतात. पडद्यासमोरचा माणूस बॅग उघडायला सांगणारच. त्याच्या जागी तुम्ही असतात, तरी सांगितलं असतं.

म्हणून खाण्याचे पदार्थ प्लॅस्टिकच्या बरण्यांत किंवा पिशव्यांत भरा आणि बॅगेत एका थरात पसरा. वायरी वेगळ्या छोट्या पाउचमध्ये ठेवा. ज्याच्यावर प्रश्न येऊ शकतो, ते सगळ्यात वर ठेवा. सहा साड्यांच्या खाली तुपाची बरणी असली, की ती दाखवण्यासाठी सहाही साड्या काउंटरसमोर बाहेर येतात.

लोणच्याचं आणि तुपाचं झाकण चिकटपट्टीने बंद करून बरणी दोन पिशव्यांत बांधा. बॅगा फेकल्या जातात, हे गृहीत धरूनच बांधाबांध करा.

हातातल्या बॅगेचा बहुतेक कंपन्यांचा नियम ७ किलोचा आणि एकाच बॅगेचा आहे. लॅपटॉपची बॅग किंवा बायकांची पर्स वेगळी धरतात. तीन कापडी पिशव्या एकात एक घालून ‘एकच आहे’ म्हणणं काउंटरवर कधी खपतं, रांगेत कधी खपत नाही. वेळ आपलाच जातो.

परदेशी विमान असेल, तर हातातल्या सामानातलं कुठलंही द्रव, जेल, मलम, पेस्ट १०० मिलिलीटरपर्यंतच्या बाटलीत हवं आणि अशा सगळ्या बाटल्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावायला हव्यात. इथे बाटलीवर छापलेलं माप मोजतात. २०० मिलिलीटरच्या बाटलीत तळाशी दोन चमचे तेल उरलं असलं, तरी ती बाटली जाते. औषधं आणि तान्ह्या बाळाचं दूध यांना सवलत आहे. औषधाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

तपासा: बॅगांना कुलूप लावण्याआधी पॉवर बँक कुठल्या बॅगेत आहे, हे हात लावून पाहा. मोठ्याने सांगा. घरातल्या दुसऱ्यालाही पाहू द्या.

टप्पा ३: अंगावर काय आहे ते आरशासमोर मोजा

हा टप्पा बहुतेक जण वगळतात आणि मग दारातून जाताना पुन्हा पुन्हा आवाज येतो.

वयस्क पुरुषांच्या बंडीच्या आतल्या खिशात काय काय असतं ते आदल्या रात्रीच काढायला लावा. चुन्याची डबी, मोड, किल्ल्यांचा जुडगा, चंचीतला अडकित्ता. अडकित्ता पितळी, वडिलांच्या वडिलांचा असतो आणि तो जप्त झाला, की माणूस महिनाभर हळहळतो. तो चेक-इनमध्ये टाका, नाहीतर खुंटीला राहू द्या. चांदीचा करदोडा कमरेला असेल, तर यंत्र ओरडणार. काढायची गरज नाही, फक्त ‘कमरेला चांदीची साखळी आहे’ असं आधी सांगायला शिकवा. फेट्याची हाताने तपासणी होऊ शकते. त्याबद्दल घरीच बोलून ठेवा, म्हणजे तिथे अपमान वाटणार नाही.

बायकांचं मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी उतरवायला लावत नाहीत. यंत्र वाजलं, तर महिला कर्मचारी हातातल्या डिटेक्टरने पाहते. दागिने आपणहून काढून ट्रेमध्ये उघडे ठेवू नका. हरवायची ती एकच जागा पुरेशी आहे.

नांदेडहून निघणाऱ्या शीख भाविकांसाठी: देशांतर्गत विमानात कृपाण अंगावर चालतं, पण पात्याची लांबी ६ इंचांपेक्षा आणि एकूण लांबी ९ इंचांपेक्षा जास्त नको. परदेशी विमानासाठी ही सवलत धरू नका. तेव्हा कृपाण चेक-इनमध्ये ठेवा.

टप्पा ४: कागद आणि वेळ

तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे. आपल्याकडे लग्नानंतर आधारवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं आणि मुलाने बुक केलेल्या तिकिटावर ‘आई’ जशी आठवली तसं तिसरं, असा प्रकार सर्रास होतो. ही दुरुस्ती दारात उभं राहून होत नाही, आधीच कंपनीला फोन करून होते. आधारची झेरॉक्स दाखवून कुणी आत सोडत नाही. मूळ कार्ड ठेवा.

वेळ उलटी मोजा. देशांतर्गत विमानाचं काउंटर बहुधा सुटण्याच्या ६० मिनिटं आधी आणि गेट २० ते २५ मिनिटं आधी बंद होतं. म्हणजे सातचं विमान तुमच्यासाठी सहाचं आहे. दोन तास आधी दारात, परदेशी असेल तर तीन तास. बीड, परभणी, हिंगोलीकडून चिकलठाण्याला येणाऱ्यांनी त्यावर रस्त्याचा वेळ आणि वाटेतला चहा धरावा. लातूर-नांदेडहून हैदराबाद गाठणाऱ्यांनी शहरातल्या गर्दीचा वेगळा तास राखून ठेवावा. उशीर झालेल्या माणसाच्या हातून तपासणीत हमखास चूक होते. तो बेल्ट काढायला विसरतो, मोबाइल ट्रेमध्ये ठेवून पळतो.

मुंबई, पुणे, हैदराबादला देशांतर्गत प्रवासासाठी डिजीयात्रा ॲप चालतं. त्याने दारातली ओळख पटवणं लवकर होतं. सामानाची आणि अंगाची तपासणी मात्र सगळ्यांसारखीच होते.

टप्पा ५: दारापासून काउंटरपर्यंत

दारात सुरक्षा कर्मचाऱ्याला तिकीट आणि ओळखपत्र दाखवा. मोबाइलवरचं तिकीट आधीच उघडून ठेवा. आतमध्ये नेट चालेलच असं नाही, म्हणून त्याचा फोटो काढून ठेवा.

काही विमानतळांवर मोठी बॅग आधी एक्स-रेतून घालून मग काउंटरवर द्यावी लागते. काही ठिकाणी ती काउंटरवर घेतात आणि मागे पट्ट्यावरच तपासतात. दुसऱ्या प्रकारात एक खाच आहे. बॅगेत पॉवर बँक किंवा लायटर निघाला, तर तुमच्या नावाचा पुकारा होतो आणि तोवर तुम्ही गेटवर जाऊन निवांत बसलेले असता. तुमच्यासमोर उघडल्याशिवाय ती बॅग विमानात चढत नाही. म्हणून काउंटरवर बॅग देताना ‘काही अडचण आहे का?’ एवढं विचारा, दोन-चार मिनिटं जवळपास थांबा आणि पुढे गेलात तरी पुकाऱ्याकडे कान ठेवा.

> सोडायला आलेल्यांसाठी: क्रूझरभर माणसं सोडायला येतात, फोटो काढतात आणि लगेच परत फिरतात. निदान एकाने तरी प्रवासी तपासणी पार करून फोन करेपर्यंत बाहेर थांबावं. काही अडवलं गेलं, तर ते बाहेर आणून देता येतं. गाडी तोवर करमाडला पोचली असेल, तर आजोबांचा अडकित्ता विमानतळाच्या डब्यात जातो.

टप्पा ६: रांग आणि ट्रे

खिसे ट्रेसमोर रिकामे करू नका. रांगेत उभे असतानाच मोबाइल, पाकीट, मोड, किल्ल्या, घड्याळ सगळं हातातल्या बॅगेच्या चेनच्या कप्प्यात टाका. ट्रेमध्ये सुटं जितकं कमी, तितकं हरवण्याचं भय कमी.

मग क्रम असा:

१. लॅपटॉप, टॅब, पॉवर बँक बाहेर काढून ट्रेमध्ये. नव्या यंत्रांवर काही ठिकाणी ते काढावं लागत नाही. कर्मचारी सांगेल तसं करा.
२. जाकीट, बेल्ट दुसऱ्या ट्रेमध्ये. बूट सांगितले तरच.
३. हातातली बॅग आडवी, पट्टे आत खोचून.
४. बोर्डिंग पास हातात. तो ट्रेमध्ये गेला, तर पुढे शिक्का मारायला कागदच नसतो.
५. ट्रे यंत्रात शिरलेला डोळ्यांनी पाहा आणि मगच माणसांच्या दाराकडे वळा.

पाचवा मुद्दा सगळ्यात जास्त चुकतो. लोक ट्रे ठेवतात आणि रांग पुढे सरकली म्हणून निघून जातात. ट्रे मात्र मागच्याच्या बॅगेमागे अडकलेला असतो. नवरा-बायकोच्या रांगा वेगळ्या होतात हेही लक्षात ठेवा. दोघांचा मिळून एकच ट्रे केला, तर जो आधी बाहेर पडतो त्याला दुसऱ्याचं काय होतं ते ठाऊक नसतं. ज्याचं सामान त्याच्या ट्रेमध्ये.

आणि रांगेत थट्टा करू नका. ‘बॅगेत काय बॉम्ब आहे काय’ हे वाक्य गावच्या पारावर विनोद असेल. इथे त्यावर गुन्हा दाखल होतो, विमान तर जातंच.

टप्पा ७: अंगाची तपासणी

भारतात धातूशोधक दार वाजो न वाजो, पुढे हातातल्या डिटेक्टरने तपासणी होतेच. त्यामुळे आवाज आला म्हणून घाबरण्याचं कारण नाही. पुरुषांना छोट्या पाटावर उभं करून हात पसरायला सांगतात, मग पाठ फिरवायला. बायकांची तपासणी पडद्याआड आणि महिला कर्मचारीच करते.

म्हाताऱ्या माणसांना खरा त्रास तपासणीचा होत नाही. घाईघाईत हिंदीत दिलेली सूचना कळत नाही आणि मागची रांग खेकसते, याने ती गांगरतात. घाम फुटतो, रक्तदाब वाढतो, मग विमानात बसेपर्यंत घोटभर पाणीही जात नाही. उपाय साधा आहे. आदल्या दिवशी ओसरीत दोन मिनिटं सराव करून घ्या: हात असे पसरायचे, असं फिरायचं, ‘पीछे घूमिए’ म्हणजे काय. ‘समझा नहीं, फिर से बोलिए’ हे वाक्यही शिकवा. थांबून विचारणाऱ्यावर कुणी रागावत नाही. न कळता पुढे निघणाऱ्याला मात्र जोरात हाक मारून परत बोलावतात आणि चारचौघांत तेच जास्त लागतं.

*पेसमेकर:* दारातून जाण्याआधी सांगा आणि कार्ड दाखवा. हाताने तपासणी करायला सांगता येतं. डिटेक्टर छातीवर धरून ठेवू नका, असंही सांगा. दारातून नेहमीच्या चालीने जायला हरकत नाही, तिथे रेंगाळू नये.

*गुडघा किंवा खुब्यात धातू:* दार वाजू शकतं. शस्त्रक्रियेचा कागद जवळ असला, तर समजावणं सोपं जातं, पण कागद आहे म्हणून तपासणी टळत नाही.

*गरोदर बाई:* एक्स-रे सामानासाठी असतो. माणसं जातात त्या दारातून आणि हातातल्या डिटेक्टरमधून एक्स-रे निघत नाहीत, चुंबकीय क्षेत्र असतं. तरी मनात धास्ती असेल, तर हाताने तपासणी करा म्हणावं.

*व्हीलचेअर:* तिकिटासोबतच मागणी नोंदवा. खुर्चीवर आणि हातांवर कापडी पट्टी फिरवून ती यंत्रात घालतात. स्फोटकांचा अंश शोधायची ती रीत आहे. फवारणी किंवा खताच्या पोत्यांची उचल केली असेल, तर निघण्याआधी हात आणि नखं साबणाने स्वच्छ धुवा, कपडे बदला. नायट्रेट असलेल्या खताने हे यंत्र कधीकधी वाजतं आणि शेतकऱ्याला उगाच खुलासे देत बसावं लागतं.

तपासा: बोर्डिंग पासवर शिक्का पडला का, ते जागेवरच पाहा. जिथे शिक्क्याची पद्धत आहे, तिथे तो नसेल तर गेटवरून परत पाठवतात.

टप्पा ८: बॅग बाजूला काढली तर

तुमची बॅग वेगळ्या पट्ट्यावर गेली, तर तिला हात लावू नका. कर्मचारी ‘ही कुणाची?’ विचारेल, तेव्हा पुढे व्हा. त्याने सांगितल्यावर उघडा. बॅग टप्पा २ मध्ये सांगितल्याप्रमाणे भरलेली असेल, तर काम अर्ध्या मिनिटाचं.

न चालणारी वस्तू निघाली, तर तीन वाटा असतात. काउंटर चालू असेल तर परत जाऊन ती चेक-इनमध्ये टाकणं, बाहेर थांबलेल्याकडे देणं किंवा सोडून देणं. हुज्जत ही चौथी वाट नाही. ‘मागच्या वेळी पुण्याला सोडलं होतं’ हेही सांगू नका. समोरच्या माणसाला त्या क्षणी त्याच्या पडद्यावर जे दिसतं, त्याची जबाबदारी त्याच्यावर असते.

निघण्याआधी ट्रे पुन्हा पाहा. मोबाइल, चष्मा, बेल्ट, घड्याळ, बोर्डिंग पास. सामान बाकांवर नेऊन आवरा, पट्ट्याच्या तोंडाशी नको. काही राहून गेलंच, तर विमान सुटण्याआधी तिथल्याच कर्मचाऱ्याला सांगा. नंतर लक्षात आलं, तर विमानतळाच्या हरवलं-सापडलं कक्षाला फोन करा. जिथे सीआयएसएफची (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची) सुरक्षा आहे, तिथे सापडलेल्या वस्तूंची यादी त्यांच्या संकेतस्थळावरही पाहता येते. तारीख, अंदाजे वेळ आणि वस्तूची खूण सांगितली, की शोध सोपा होतो.

टप्पा ९: पुढचं विमान परदेशी असेल तर

चिकलठाण्याला एकदा तपासणी झाली, म्हणजे काम संपलं असं नाही. मुंबईला किंवा हैदराबादला परदेशी विमानासाठी ती पुन्हा होते आणि तिथे १०० मिलिलीटरचा नियम कडक असतो. इकडे चाललेली पाण्याची बाटली तिकडे रिकामी करावी लागते. बाटली रिकामीच न्या, आत गेल्यावर भरून घ्या. मुंबईत दोन्ही विमानं वेगवेगळ्या टर्मिनलवरून असू शकतात, म्हणून दोन तिकिटांमध्ये तीन-चार तासांचं अंतर ठेवा.

विमानतळावरच्या दुकानातून सीलबंद पिशवीत घेतलेली अत्तराची बाटली मुक्कामाला पोचेपर्यंत फोडू नका. सील तुटलं, की वाटेतल्या तपासणीत ती जाते.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी हातातल्या बॅगेत ३५० मिलिलीटरपेक्षा जास्त कुठलीही पूड ठेवू नये. सत्तूचं पीठ, मेतकूट, नाचणीचं पीठ हे सगळं मोठ्या बॅगेत ठेवा. बोर्डिंग पासवर चार वेळा ‘एस’ छापलेला दिसला, तर तुमची जादा तपासणी होणार आहे. त्यात गुन्ह्याचा संबंध नाही, अर्धा तास जास्त धरा इतकंच. आणि सुरक्षेतून सुटलेली वस्तू तिकडच्या कस्टममधून सुटेलच, असं समजू नका. ताजी फळं, बियाणं, माती यांचे नियम वेगळे आहेत आणि दंड डॉलरमध्ये असतो.